घशात दडलेला गनोरिया: औषधांना दाद न देणारा जंतू देशोदेशी कसा पोहोचतो

नोव्हेंबर २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गनोरिया या लैंगिक आजाराच्या जंतूंविषयी काही आकडे जाहीर केले. भारत, ब्राझील, कंबोडिया, दक्षिण आफ्रिका, स्वीडन, थायलंड, व्हिएतनाम असे एकूण १२ देश आपापल्या दवाखान्यांतले नमुने तपासून ही माहिती पुरवतात. गनोरियावर आज ज्या इंजेक्शनावर सगळी भिस्त आहे त्या सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनला दाद न देणाऱ्या नमुन्यांचं प्रमाण २०२२ मध्ये ०.८ टक्के होतं, ते २०२४ मध्ये ५ टक्क्यांवर गेलं. तोंडाने घ्यायच्या सेफिक्सीमच्या बाबतीत १.७ टक्क्यांचे ११ टक्के झाले. सिप्रोफ्लॉक्सासिन हे जुनं औषध तर ९५ टक्के नमुन्यांवर निकामी ठरलं. सर्वात वाईट आकडे कंबोडिया आणि व्हिएतनामचे होते.

पुढच्याच महिन्यात अमेरिकेत गनोरियावरच्या दोन नव्या औषधांना परवानगी मिळाली. म्हणजे एका आठवड्यात ‘सुपर गनोरिया’चे मथळे आणि दुसऱ्या आठवड्यात ‘नवं औषध आलं’चे. वाचणाऱ्याने घाबरायचं की निर्धास्त व्हायचं?

दोन्ही प्रकारच्या बातम्यांत एक गोष्ट बहुतेक वेळा सुटते. हा जंतू औषधांना पुरून उरायला शिकतो तो मुख्यतः माणसाच्या घशात. तिथे तो आहे हे ज्याच्या घशात आहे त्यालाही बहुधा कळत नाही. हे एकदा लक्षात आलं की बाकीचं बरंचसं कोडं सुटतं.

आधी आजार समजून घेऊ

गनोरिया, म्हणजेच परमा, हा लैंगिक संबंधांतून पसरणारा आजार. त्याचा जंतू आल्बर्ट नायसर या जर्मन डॉक्टरने १८७९ मध्ये शोधला, आणि त्याच्या नावावरून जंतूच्या कुळाला नायसेरिया हे नाव पडलं. आपण त्याला प्रचलित नावाने गोनोकोकस म्हणू. तो फक्त माणसातच जगतो. कुठल्याही जनावरात, पाण्यात किंवा मातीत त्याचा मुक्काम नसतो, आणि शरीराबाहेर तो फार लवकर मरतो. त्यामुळे शौचालयाच्या बैठकीवरून, एकत्र जेवल्याने किंवा शेजारी बसल्याने हा आजार होत नाही.

त्याला लागते ती शरीराची ओलसर आतली त्वचा. मूत्रमार्ग, गर्भाशयाचं मुख, गुदद्वार, घसा आणि कधी कधी डोळे. योनिमार्गाने, गुदमार्गाने आणि मुखमैथुनातूनही तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो. आईला लागण असेल तर बाळंतपणात बाळाच्या डोळ्यांत जातो आणि वेळीच उपचार न झाल्यास बाळाला अंधत्व येऊ शकतं.

पुरुषाच्या मूत्रमार्गात लागण झाली तर बहुधा काही दिवसांतच लघवीला जळजळ होते, पू येतो, आणि माणूस डॉक्टर गाठतो. स्त्रियांमध्ये निम्म्याहून अधिक वेळा काहीच जाणवत नाही, किंवा जे जाणवतं ते अंगावरून जाणाऱ्या नेहमीच्या पांढऱ्या पाण्यासारखं वाटतं. न कळलेली लागण वर सरकून गर्भनलिकांपर्यंत पोहोचली की ओटीपोटात सूज, पुढे वंध्यत्व किंवा गर्भाशयाबाहेर गर्भ राहणं, असे प्रकार घडतात. लागण असताना एचआयव्ही घेण्याची आणि देण्याची शक्यताही वाढते.

एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होणार नाही, असंही नाही. गोनोकोकस आपलं बाहेरचं रूप सतत बदलतो, त्यामुळे शरीराची प्रतिकारशक्ती त्याला ओळखून ठेवू शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात जगभरातल्या १५ ते ४९ वयोगटात ८ कोटी २४ लाख नव्या लागणी झाल्या.

एकेक औषध हातचं गेलं

औषधाच्या नेहमीच्या मात्रेने जंतू मरेनासा होतो, त्याला प्रतिरोध म्हणतात. इथे एक गैरसमज आधी दूर करायला हवा. ‘माझ्या अंगाला आता ते औषध लागू पडत नाही’ असं आपण सहज म्हणतो. पण बदलतो तो जंतू. आपलं शरीर होतं तसंच असतं. म्हणून आयुष्यात एकही प्रतिजैविक न घेतलेल्या माणसालाही पहिल्याच लागणीत औषधांना दाद न देणारा जंतू मिळू शकतो.

गोनोकोकसचा या बाबतीतला इतिहास मोठा आहे. १९३० च्या दशकात सल्फा औषधं आली आणि दशकभरातच त्यांचा प्रभाव ओसरला. १९४३ च्या सुमारास पेनिसिलिन आलं. सुरुवातीला एक-दोन लाख युनिटांत काम भागायचं. पण जंतू हळूहळू चिवट होत गेला आणि डॉक्टर मात्रा वाढवत गेले. १९७० च्या दशकात ती ४८ लाख युनिटांवर पोहोचली, शिवाय औषध शरीरात जास्त वेळ टिकावं म्हणून सोबत आणखी एक गोळी.

मग १९७६ मध्ये मात्रा वाढवण्याचा मार्गही बंद झाला. पेनिसिलिनचे तुकडे करणारं विकर स्वतःच बनवणारे गोनोकोकस ब्रिटन आणि अमेरिकेत जवळपास एकाच वेळी सापडले. ब्रिटनमधल्या लागणींचा माग पश्चिम आफ्रिकेपर्यंत गेला, तर अमेरिकेतल्यांचा फिलिपिन्सहून परतलेल्या सैनिकांपर्यंत. औषधांना न जुमानणारा गनोरिया देशोदेशी हिंडतो ही बातमी आज नवी वाटते, पण ती किमान पन्नास वर्षं जुनी आहे.

पुढे टेट्रासायक्लिन गेलं. सिप्रोफ्लॉक्सासिनची शिफारस अमेरिकेने २००७ मध्ये मागे घेतली. सेफिक्सीमला २०१२ मध्ये पहिल्या पसंतीवरून हटवलं. मग सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचं इंजेक्शन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या गोळ्या अशी जोडी काही वर्षं चालली. एकाने नाही मेला तर दुसऱ्याने मरेल, असा हिशेब. अ‍ॅझिथ्रोमायसिनलाही जंतू पुरून उरू लागला, तेव्हा आधी ब्रिटनने आणि २०२० च्या अखेरीस अमेरिकेने ती जोडी सोडली. आता पहिला उपचार म्हणून एकटं सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन दिलं जातं. अमेरिकेत ५०० मिलिग्रॅम, ब्रिटनमध्ये १ ग्रॅम. पेनिसिलिनच्या वाढत गेलेल्या मात्रेची गोष्ट ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे आकडे वाचताना थोडं अस्वस्थ व्हायला होतं.

घशात नेमकं काय होतं?

आपल्या घशात नायसेरिया कुळातले अनेक निरुपद्रवी जंतू कायम वस्तीला असतात. गोनोकोकसचे हे चुलतभाऊच. ते कोणाला आजारी पाडत नाहीत, त्यामुळे त्यांच्याकडे कोणी लक्षही देत नाही. पण आपण खोकल्यासाठी, घसा दुखला म्हणून, कान फुटला म्हणून जी प्रतिजैविकं वर्षानुवर्षं घेतो, त्यांचा मारा या बिचाऱ्यांवरही होतोच. त्यात जे तग धरतात ते औषधांना निबर झालेले असतात.

आता गोनोकोकसची एक खोड पाहा. आसपास मरून पडलेल्या जंतूंचा डीएनए तो उचलतो आणि स्वतःच्या डीएनएत बसवतो. बरेच जंतू हे ठरावीक परिस्थितीतच करतात. गोनोकोकस मात्र सदासर्वकाळ त्यासाठी तयार असतो. त्यातही तो निवड करतो. त्याच्या कुळाच्या डीएनएवर एक छोटी खूण जागोजागी असते, ती असलेले तुकडे तो पसंतीने आत घेतो. थोडक्यात, घेतो ते घरच्यांकडूनच.

प्रत्येक जंतूकडे एक वही आहे असं समजा. तिच्यात स्वतःचं शरीर कसं बांधायचं ते लिहिलेलं आहे. एका पानावर बाहेरची भिंत विणणाऱ्या प्रथिनाचा आराखडा आहे. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन नेमकं याच प्रथिनाला चिकटून बसतं, भिंत विणली जात नाही आणि जंतू फुटतो. घशातल्या चुलतभावाच्या वहीत त्याच पानावर थोडा वेगळा आराखडा आहे. त्यानुसार बनलेलं प्रथिन भिंत विणतं, पण त्याला औषध नीट चिकटत नाही. गोनोकोकस त्या पानाचे तुकडे फाडून आपल्या पानावर जागोजागी चिकटवतो. झालं. वर्षानुवर्षं एकेक अक्षर चुकत-सुधारत जे साधलं नसतं ते एका फटक्यात साधतं.

प्रयोगशाळेत या पानाला पेन-ए जनुक म्हणतात आणि अशा ठिगळ लावलेल्या जनुकाला मोझेक. त्याच्या जोडीला आत शिरलेलं औषध बाहेर फेकणारे पंप असतात, औषध आत यायची दारं अरुंद करणारे बदलही असतात. पण सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनच्या बाबतीत खरा घाव घालतं ते हे ठिगळच.

घशाची आणखी एक अडचण आहे. तिथे औषध जननेंद्रियांइतकं नीट पोहोचत नाही. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन देऊनही गनोरिया बरा झाला नाही अशी जी नोंदलेली उदाहरणं आहेत, त्यांतली बहुतेक घशातल्या लागणीची आहेत. उधारीचा डीएनए हाताशी, औषध अपुरं, आणि माणसाला लक्षण म्हणून साधी खवखवही नाही. जंतूला यापेक्षा सोयीची जागा मिळणं कठीण.

क्योटोपासून पुढे

सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनला ठामपणे न जुमानणारा पहिला गोनोकोकस जपानमधल्या क्योटो शहरात २००९ मध्ये सापडला. तो एका देहविक्रय करणाऱ्या स्त्रीच्या घशातून घेतलेल्या नमुन्यात होता, हे आता वाचकाला आश्चर्याचं वाटणार नाही. त्याला एच-०४१ असं नाव मिळालं. २०११ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली आणि जगभर धास्ती पसरली. पुढच्या काही वर्षांतच तो सगळीकडे दिसेल असं अनेकांना वाटलं होतं.

तसं झालं नाही. एच-०४१ जणू विरून गेला. त्याचं एक संभाव्य कारण असं की प्रतिरोध जंतूला फुकट मिळत नाही. प्रथिनाचा आकार बदलला की औषध चुकवता येतं, पण भिंत विणण्याचं मूळ कामही थोडं बिघडतं. असा जंतू औषध नसलेल्या ठिकाणी इतरांच्या मागे पडतो. त्या काळात अनेकांना यातून दिलासा मिळाला होता.

तो दिलासा २०१५ पर्यंत टिकला. त्या वर्षी जपानमध्येच एफसी-४२८ नावाचा वाण सापडला. त्याच्यातलं पेन-ए जनुकाचं ठिगळ वेगळं होतं आणि त्यात जंतूचं फारसं नुकसान होत नसावं. कारण २०१७ पासून त्याचे भाऊबंद डेन्मार्क, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा एकमेकांपासून दूर असलेल्या देशांत सापडू लागले. मग फ्रान्स, आयर्लंड, ब्रिटन. चीनमध्ये १३ प्रांतांतून गोळा केलेल्या नमुन्यांत सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनला प्रतिरोध असलेल्या जंतूंचं प्रमाण २०१७ मध्ये २.९ टक्के होतं, ते २०२२ मध्ये ८.१ टक्के झालं.

यात दोन वेगवेगळ्या गोष्टी प्रवास करतात. एक तर माणसासोबत जंतू जातो. दुसरं म्हणजे ते ठिगळ लावलेलं पान एका वाणातून दुसऱ्या वाणात जातं. नव्या देशात पोहोचलेला जंतू तिथल्या स्थानिक गोनोकोकसला भेटतो, बहुधा पुन्हा कोणाच्या तरी घशात, आणि स्थानिक वाणालाही ते पान मिळतं. मग विमानातून आलेला मूळ पाहुणा नाहीसा झाला तरी फरक पडत नाही. म्हणूनच विमानतळावर तपासण्या करून किंवा एखाद्या देशाकडे बोट दाखवून हा प्रश्न सुटणारा नाही.

ब्रिटनमधला एक रुग्ण

२०१८ च्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये एक पुरुष लघवीच्या तक्रारी घेऊन दवाखान्यात आला. साधारण महिन्याभरापूर्वी आग्नेय आशियात त्याचा एका स्त्रीशी संबंध आला होता. नेहमीप्रमाणे सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन दिलं गेलं. त्याची लक्षणं गेली, मूत्रमार्गाची तपासणीही स्वच्छ आली. कुठल्याही साध्या दवाखान्यात प्रकरण इथेच मिटलं असतं.

पण उपचारानंतर त्याच्या घशाचाही नमुना घेतला गेला होता, आणि त्यात जंतू जिवंत होता. मग स्पेक्टिनोमायसिन हे जुनं इंजेक्शन दिलं. घसा तसाच. प्रयोगशाळेतून अहवाल आला की हा वाण सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनला दाद देत नाही आणि अ‍ॅझिथ्रोमायसिनला तर अजिबातच नाही. दोन्हींना एकाच वेळी इतका न जुमानणारा गनोरिया तोपर्यंत जगात कुठे नोंदला गेला नव्हता. अखेर एर्टापेनेम, म्हणजे एरवी गंभीर आजारी रुग्णांसाठी राखून ठेवलेलं औषध, तीन दिवस रोज शिरेतून द्यावं लागलं. त्यानंतर घसा स्वच्छ झाला.

त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात अशाच दोन लागणी सापडल्या. २०२२ मध्ये ऑस्ट्रियातल्या एका पुरुषात असा जंतू मिळाला. त्याचा संबंध कंबोडियात आला होता. २०२३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने दोन लागणी जाहीर केल्या, ज्यांत जंतू अनेक औषधांना पुरता दबत नव्हता. त्या दोघांचा एकमेकांशी कसलाही संबंध सापडला नाही. दोघंही सेफ्ट्रिअ‍ॅक्सोननेच बरे झाले, ही दिलाशाची बाब. पण दोन अनोळखी माणसांत एकाच प्रकारचा जंतू मिळतो तेव्हा त्यांच्या मधली, न तपासलेली माणसं किती असतील, हा विचार मनात येतोच.

या सगळ्यांत कोणीही बरं झालंच नाही, असं झालेलं नाही. ‘असाध्य गनोरिया’ हा मथळा म्हणून मला पटत नाही. होतं ते वेगळं: एका भेटीत, एका सुईत मिटणाऱ्या आजारासाठी तीन दिवस शिरेतून औषध द्यावं लागतं. वर्षाला ८ कोटी लागणी होणाऱ्या आजाराचा थोडासा भाग जरी या वाटेने गेला तरी जगातली कुठलीही आरोग्यव्यवस्था त्याला पुरी पडणार नाही.

तपासणी सुधारली आणि माहिती आटली

पूर्वी गनोरिया ओळखायचा तर जंतू वाढवावा लागे. नमुन्याचा बोळा एका तपकिरी थराच्या ताटलीवर फिरवतात. या थराला चॉकलेट अगार म्हणतात, पण त्यात चॉकलेटचा अंशही नसतो. तापवून फुटलेल्या रक्तपेशींमुळे तो रंग येतो. गोनोकोकसचे नखरे बरेच. त्याला शरीराइतकी ऊब लागते, हवेत जास्तीचा कार्बन डायऑक्साइड लागतो, आणि नमुना पोहोचायला उशीर झाला तर तो वाटेतच मरतो. एक-दोन दिवसांनी ताटलीवर करडे, चमकदार ठिपके उगवतात.

मग ते दुसऱ्या ताटलीवर पसरून मधोमध औषधाची एक पट्टी ठेवतात. पट्टीच्या एका टोकाला औषध दाट असतं, दुसऱ्या टोकाला विरळ. दुसऱ्या दिवशी पट्टीभोवती जंतू न उगवलेला लंबगोल मोकळा भाग दिसतो. तो पट्टीला जिथे येऊन टेकतो तिथला आकडा म्हणजे या जंतूला रोखायला लागणारं कमीत कमी औषध. टोक विरळ बाजूला असेल तर चांगलं. जितकं दाट बाजूला सरकलेलं, तितकी डॉक्टरची झोप उडालेली.

आता बहुतेक ठिकाणी जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी करतात. ती जलद आहे, जास्त लागणी पकडते, लघवीच्या किंवा रुग्णाने स्वतः घेतलेल्या नमुन्यावरही चालते. रुग्णाच्या दृष्टीने ती निःसंशय चांगली. पण ती सहसा ‘जंतू आहे’ किंवा ‘नाही’ इतकंच सांगते. त्याच्यावर कुठलं औषध चालेल हे सांगायला जिवंत जंतू हवा, आणि तो वाढवणाऱ्या प्रयोगशाळा कमी होत चालल्या आहेत. जगातल्या पुष्कळ भागांत तर चाचणीच होत नाही. लक्षणं पाहून औषध दिलं जातं. ज्यांना लक्षणंच नाहीत ते या पद्धतीत कधीच सापडत नाहीत. जिथे प्रतिरोधाचे आकडे दिसत नाहीत तिथे प्रतिरोध नाही, असं समजणं म्हणूनच धोक्याचं आहे. कंबोडियाचे आकडे वाईट दिसतात, यात तिथे कोणीतरी नीट मोजतंय याचाही वाटा आहे.

‘कोर्स पूर्ण केला की झालं ना?’

प्रतिजैविकांच्या बाबतीत हा सल्ला आपल्याला पाठ असतो. पण गनोरियाचा कोर्स बहुधा एकाच मात्रेचा. अर्धवट सोडायला त्यात काही नसतंच. इथे जास्त नुकसान होतं ते दुसऱ्याच आजारांसाठी घेतलेल्या औषधांनी. सर्दी-खोकल्याला अ‍ॅझिथ्रोमायसिन घेतलं, आणि खोकला तर विषाणूमुळेच आलेला होता, तर त्या औषधाने खोकल्याचं काहीच बिघडवलं नाही. पण घशातल्या चुलतभावांना निबर केलं, आणि लक्षणांविना दडलेला गोनोकोकस असेल तर त्यालाही सराव दिला.

‘हा ठरावीक लोकांचा प्रश्न आहे’

काही गटांत लागण जास्त दिसते हे खरं आहे. पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, देहविक्रय करणाऱ्या व्यक्ती, अनेक जोडीदार असणारे तरुण. एक कारण असंही की यांच्या तपासण्या इतरांपेक्षा जास्त होतात. पण जंतू गटांच्या सीमा पाळत नाही. ब्रिटनमधला तो रुग्ण स्त्रियांशी संबंध ठेवणारा होता. एकनिष्ठ जोडीदाराला आणि जन्मणाऱ्या बाळाला लागण होते तेव्हा त्यांच्या वागण्याचा प्रश्नच येत नाही. आणि लाजेपोटी दडवून ठेवलेली लागण जास्त दिवस टिकते, जास्त जणांत जाते. लाज ही या जंतूची सगळ्यात जुनी मदतनीस आहे, असं मला वाटतं. कंडोम लागण बरीच रोखतो. मुखमैथुनात मात्र तो फारसा वापरला जात नाही, आणि घशाची वाट तिथूनच उघडते.

‘आता नवी औषधं आली, मग काळजी कशाची?’

डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत ज्यांना परवानगी मिळाली ती दोन औषधं म्हणजे झोलिफ्लोडासिन आणि जेपोटिडासिन. दोन्ही तोंडाने घ्यायची. दोन्ही जंतूचा डीएनए उलगडणाऱ्या यंत्रणेवर घाव घालतात, भिंतीशी त्यांचा संबंध नाही. त्यामुळे पेन-ए जनुकाच्या ठिगळाचा त्यांच्यापुढे उपयोग नाही.

झोलिफ्लोडासिन पाण्यात कालवून एकदाच प्यायचं असतं. पाच देशांतल्या ९३० जणांवर चाचणी झाली आणि जननेंद्रियांतली लागण ९०.९ टक्के जणांत बरी झाली. जुन्या जोडीने उपचार केलेल्यांत हे प्रमाण ९६.२ टक्के होतं. हे औषध पुढे आणलं ते जीएआरडीपी या ना-नफा संस्थेने. एकदाच घ्यायच्या औषधात मोठा नफा नसतो, म्हणून मोठ्या कंपन्या इकडे फारशा वळत नाहीत. जेपोटिडासिनच्या गोळ्या दोन वेळा, काही तासांच्या अंतराने घ्यायच्या. त्याचं यश ९२.६ टक्के, तर तुलनेसाठी घेतलेल्या नेहमीच्या उपचाराचं ९१.२ टक्के.

ही मोठीच प्रगती आहे. पण हे आकडे जननेंद्रियांचे आहेत. घशाचे आकडे फार थोड्या रुग्णांवरचे. झोलिफ्लोडासिनच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३ ग्रॅमच्या मात्रेने ११ पैकी ९ जणांचा घसा स्वच्छ झाला होता. उरलेल्या दोघांच्या घशात औषधाचा मार झेललेले जंतू राहिले. जेपोटिडासिनची अडचण आणखी वेगळी आहे. सिप्रोफ्लॉक्सासिनला न जुमानणाऱ्या काही जंतूंमध्ये जो बदल आधीच झालेला असतो, तो जेपोटिडासिनला चुकवण्याच्या वाटेवरचा निम्मा प्रवास ठरतो. म्हणून ही औषधं सरसकट वाटण्यापेक्षा जिथे सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन चालत नाही किंवा इंजेक्शन देणं शक्य नाही तिथे वापरावीत, असं मत अनेक तज्ज्ञ मांडतात. मला ते पटतं. पण नवं औषध हाती असताना ते राखून ठेवणं कुठल्याच देशाला आजवर फारसं जमलेलं नाही.

लस आणि संबंधांनंतरची गोळी

गनोरियासाठी खास बनवलेली लस अजून नाही. पण मेंदूज्वराचा मेनिंगोकोकस हा गोनोकोकसचा अगदी सख्खा नातेवाईक. न्यूझीलंडमध्ये २००४ ते २००६ या काळात मेंदूज्वराच्या बी प्रकाराविरुद्ध मोठी लसीकरण मोहीम झाली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की लस घेतलेल्या तरुणांत गनोरियाचं प्रमाण सुमारे ३१ टक्क्यांनी कमी होतं. इंग्लंडमध्ये २०२३ मध्ये ८५ हजारांहून जास्त लागणी नोंदल्या गेल्या, १९१८ मध्ये नोंदी सुरू झाल्यापासूनचा तो उच्चांक होता. तिथे ऑगस्ट २०२५ पासून जास्त धोका असलेल्या समलिंगी आणि उभयलिंगी पुरुषांना मेंदूज्वराची अशीच लस गनोरियासाठी म्हणून देणं सुरू झालं. जगातला असा हा पहिला कार्यक्रम. संरक्षण तीस-चाळीस टक्केच, पण जी लागण झालीच नाही तिच्यावर औषध वाया जात नाही, हा हिशेब त्यामागे आहे.

संबंधांनंतर ७२ तासांच्या आत डॉक्सिसायक्लिन घेण्याचा मार्गही काही देशांत निवडक लोकांना सुचवला जातो. सिफिलिस आणि क्लॅमिडिया हे दुसरे लैंगिक आजार त्याने चांगले कमी होतात. गनोरियावर त्याचा परिणाम बेभरवशाचा, कारण ते टेट्रासायक्लिनच्या कुळातलं, आणि त्या कुळाला पुरून उरणारे गोनोकोकस आधीच भरपूर आहेत. त्यात भर पडेल का, घशातल्या इतर जंतूंवर काय परिणाम होईल, यावर तज्ज्ञांत खरोखरच मतभेद आहेत.

कोणाला लागण झालीच तर

मनाने गोळ्या घेऊ नयेत. दुकानातून आणलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिनचा किंवा उरलेल्या अ‍ॅझिथ्रोमायसिनचा उपयोग होण्याची शक्यता कमी, आणि लक्षणं दबून लागण तशीच राहण्याची शक्यता बरीच. मुखमैथुन झालं असेल तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावं, नाहीतर घशाचा नमुना घेण्याचं त्यांच्या लक्षात येणार नाही. अलीकडे परदेशात संबंध आला असेल तर तेही सांगावं. लागण घशात असेल तर उपचारानंतर साधारण आठवड्याने ते दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी करून घ्यावी, बरं वाटत असलं तरी. उपचारानंतर सात दिवस संबंध टाळावेत, आणि गेल्या दोन महिन्यांतल्या जोडीदारांना कळवावं. स्वतः सांगणं जड जात असेल तर अनेक दवाखाने नाव न घेता कळवण्याची सोय करतात. तीन महिन्यांनी आणखी एकदा तपासावं. त्या वेळी पुन्हा लागण सापडली तर बऱ्याचदा औषध फसलेलं नसतं, उपचार न झालेल्या जोडीदाराकडून ती नव्याने आलेली असते.